बाबांना शेजारी बसवून दारव्ह्याहून पुण्याला: पहिल्यांदा गाडी काढणाऱ्यांसाठी

आमच्याकडून पुण्याला जाणारा माणूस ट्रॅव्हल्सनं जातो. संध्याकाळी बसायचं, सकाळी वाघोलीत डोळे चोळत उतरायचं. मुलाखतीला मीही तशीच गेले होते. पण नोकरी पक्की झाली, त्याआधीच जुनी वॅगनआर घेतली होती, आणि सामान एवढं झालं की गाडीनंच जायचं ठरलं. बाबा म्हणाले, "एकटी नोको जाऊ. मी येतो संग." बाबांना ट्रॅक्टर येतो, कार येत नाही. म्हणजे दारव्हा तालुक्यातल्या गावापासून हिंजवडीपर्यंतचे पाचशेच्या वर किलोमीटर मीच चालवायचे होते, आणि शेजारी बासष्ट वर्षांचे बाबा, ज्यांनी पुणं पाहिलेलं नाही.

रस्ता विचारला तर दहा जण सांगतात. शेजारी वडील बसलेले असताना तोच रस्ता कसा कापायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. वडिलांच्या जागी आई असेल तर खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीचा) भाग सोडून बाकी सगळं तसंच.

१. आधी वडिलांचा आठवडा बघा, मग तारीख काढा

मी सुटी बघून तारीख काढली आणि बाबांनी ती एका वाक्यात उडवली: "त्या हप्त्यात रातची लाइन हाय." शेतातली थ्री-फेज लाइन काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. नोव्हेंबरात हरभऱ्याला पाणी असतं, स्प्रिंकलरचे पाइप बदलायला माणूस लागतो. जी तारीख वडिलांच्या शेताला चालत नाही, त्या तारखेला ते गाडीत बसतील, पण मन शेताच्या धुऱ्यावरच (बांधावरच) राहील. दर अर्ध्या तासानं घरी फोन. त्यापेक्षा त्यांनाच विचारा, कोणते चार दिवस मोकळे आहेत. सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा झाला, हरभऱ्याचं एक पाणी देऊन झालं, असा काळ आमच्यासाठी बरा पडला.

दोन गोष्टी मात्र तुमच्या तुम्ही ठरवा. दिवाळीच्या मागचे-पुढचे आठ दिवस नकोत. आणि पुण्यात शिरण्याचा दिवस रविवार संध्याकाळ नको, अख्खं विदर्भ-मराठवाडा तेव्हाच परत चाललेलं असतं. मे महिन्यात तर वडिलांना घेऊन निघूच नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

हा प्रवास एका दिवसात होतो. करू नका. दोन दिवस धरा.

२. गाडी: टायरपासून सुरुवात

गॅरेजवाला ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर, बॅटरी बघून देतो. निघायच्या आठवडाभर आधी दाखवा, आदल्या दिवशी नाही. काही निघालं तर पार्ट यायला यवतमाळ नाहीतर अमरावती गाठावी लागते.

टायर मात्र स्वतः बघा. समृद्धी महामार्गाचा रस्ता सिमेंटचा, सरळ, आणि आपण गावाकडच्या खड्ड्यांत कधी चालवत नाही त्या वेगानं तिथे तासन् तास चालवतो. टायर तापतो. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२१९ असेल तर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. जुनी गाडी घेतली असेल तर नक्षी चांगली दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. माझ्या मागच्या दोन टायरांवर ०८१६ निघालं. बदलले.

हवेचं सांगते. चौकातला पंक्चरवाला म्हणाला, "ताई, चाळीस मारून देऊ का? सामान हाय न." बाबा बाजूनं म्हणाले, "मार, टाइट मार." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हिशोब कारला लावू नका. गाडीच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात. भरलेल्या गाडीचा आकडा घ्या, आणि हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. चालवून तापलेला टायर आकडा जास्तच दाखवतो. स्टेपनीतही हवा बघा. माझी स्टेपनी बसलेली होती, आणि जॅक होता पण पाना नव्हता. आधीच्या मालकाकडून तो आणायला एक दिवस गेला.

३. कागद

हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात ठेवा:

- लायसन, आरसी, विमा, पीयूसी (डिजिलॉकरमधले लायसन आणि आरसी चालतात, पण फोनची बॅटरी जाते हेही लक्षात असू द्या)
- दोघांची मूळ आधार कार्डं
- ऑफर लेटरची प्रत आणि जिथे राहणार तिथला पत्ता, कागदावर लिहिलेला
- वडिलांच्या औषधांची चिठ्ठी
- हजार-दोन हजार रोख, त्यात पन्नास-शंभरच्या नोटा

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तीन जागी अडखळायचं नसेल तर नीट ऐका. एक, फास्टॅग. काचेवर टॅग चिकटलेला आहे म्हणजे तो तुमचा असं नाही. तो आधीच्या मालकाच्या खात्याचा असतो, आणि टॅग एकाचा दुसऱ्याच्या नावावर होत नाही. त्याला तो बंद करायला लावा, आरसी तुमच्या नावावर झाली की तुमचा नवा काढा. दोन, विमा. आरसी बदलल्यावर चौदा दिवसांत विमाही तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. तीन, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा पाटी बसवावी लागते; ती आपल्या गावच्या दुकानात करून मिळत नाही, ऑनलाइन पैसे भरून ठरलेल्या केंद्रावर जावं लागतं.

आणि एक सापळा: ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅग वार्षिक पास मिळतो, सुरू झाला तेव्हा तो तीन हजारांचा होता. माझ्या मावसभावानं मोठ्या हौसेनं तो घ्यायला सांगितला होता. तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धीवर चालत नाही. खात्यात वेगळे पैसे टाकाच.

४. सामान: चुंगडीचं काय करायचं

तुम्ही बॅगा मोजून ठेवाल. निघायच्या रात्री अंगणात चुंगड्या (पोती) उभ्या राहतील. आमच्या यादीत नसलेल्या गोष्टी: पायलीभर तूरडाळ, ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, सांडगे, लोणच्याची बरणी, कांद्याची अर्धी चुंगडी, आणि एक पाटा. खरोखर दगडी पाटा. आईचं म्हणणं, मिक्सरच्या ठेच्याला चव नसते.

नाही म्हणायच्या भानगडीत पडू नका. जागा ठरवून द्या. जड वस्तू खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, डिकीत. पाटा तर सगळ्यात खाली. मागच्या काचेजवळच्या फळीवर कांदे, बरणी, डबे काहीही ठेवायचं नाही. जोरात ब्रेक मारला की ते थेट आपल्या मानेवर येतात. मागचं दिसणारा आरसा मोकळा राहिलाच पाहिजे. भरलेला गॅस सिलिंडर कुणी "असू दे, कामी येते" म्हणालं तर तिथे मात्र ठाम नाही म्हणा.

मागच्या सीटची एक बाजू रिकामी ठेवा. वडिलांना वाटेत आडवं व्हायचं असतं, ते बोलून दाखवत नाहीत.

५. वडिलांची पिशवी

ही वेगळी, त्यांच्या पायाशी. बीपी-शुगरच्या गोळ्या, दोन दिवसांच्या नव्हे तर आठवड्याच्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारा. "गाडीत त्रास नको" म्हणून वडील ती परस्पर सोडून देतात. बाबांनी तेच केलं होतं, मला संध्याकाळी कळलं. गाडी लागत असेल तर त्याचीही गोळी डॉक्टरांच्याच सल्ल्यानं. दुपट्टा, कानटोपी (एसीची हवा थेट कानात जाते), पाण्याची त्यांची स्वतःची बाटली, रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्यांचा बटणांचा फोन चार्ज केलेला.

आता खर्रा. सुगंधित तंबाखू राज्यात बंद आहे हे बाबांनाही माहीत आहे आणि त्यांच्या पानठेल्यावाल्यालाही. दोघांच्या वागण्यात त्यानं फरक पडलेला नाही. प्रवासापुरता प्रश्न थुंकण्याचा. नव्वदच्या वेगात काच खाली करून थुंकलं तर ते मागच्या काचेवर आणि स्वतःच्या सदऱ्यावर येतं. आमच्या मागच्या दारावर मालेगावपासून पुण्यापर्यंत त्याची खूण होती. झाकणाचा डबा द्या, तळाशी थोडी माती घाला. भांडण करायचं असेल तर घरी करा, स्टिअरिंग धरून नको.

६. घर ते कारंजा

आमच्याकडे लांबचा प्रवास म्हणजे पहाटे चारला निघायचं असा दंडक आहे. मी तो मोडला आणि मला त्याचा पस्तावा नाही. अंधारात गावच्या रस्त्यावर रोही (नीलगाई) येतात. रोही एकटा दिसला तरी कळप मागे असतो, आणि तो लाइटकडे बघत उभा राहतो की आडवा उडी मारतो, याचा काही नेम नसतो. कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य याच भागात; रानडुकरं तर सगळीकडे. उजाडल्यावर, साडेसहाला निघा.

मॅपवर विसंबून हा टप्पा चालवू नका. फोन जवळचा रस्ता दाखवतो आणि तो पांदण निघतो. ज्या रस्त्यानं एसटी जाते त्याच रस्त्यानं कारंजा गाठा, तासाभराचं काम आहे. मॅप समृद्धीला लागल्यावर लावा, आणि घरी असतानाच पुण्यापर्यंतचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, मध्ये मध्ये रेंज जाते.

कारंजात बाबांना गुरुमंदिरात जायचं होतं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, आमच्याकडे त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी मोठ्या कामाला निघत नाही. मी मनात घड्याळ बघत होते. दर्शन वीस मिनिटांत झालं, आणि नंतर बाबांनी सबंध दिवसात "घाई करून राह्यली तू" असं एकदाही म्हटलं नाही. अशी एक जागा तुमच्याही वाटेवर असेलच. ती वेळापत्रकात आधीच घाला.

टाकी कारंजातच फुल करा. समृद्धीवर पंप आहेत, पण आपल्याला हवा तेव्हा समोर येत नाही.

७. समृद्धीवर पहिल्यांदा

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडून मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मोकळा झाला. आपल्याला त्यातला कारंजा ते संभाजीनगर एवढाच लागतो, अडीचशेच्या आसपास. आधी शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, मग सिंदखेड राजाच्या बाजूनं जालना.

टोल आत शिरताना कापत नाहीत. शिरताना नोंद होते, उतरताना अंतराप्रमाणे पैसे जातात. एप्रिल २०२५ पासून कारसाठी किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा दर होता. म्हणजे आपल्या टप्प्याला पाचशेच्या वर. मधे उतरून परत चढलात तरी मोजणी किलोमीटरचीच, त्यामुळे वडिलांना सिंदखेड राजाला जिजाऊंचा वाडा दाखवायचा असेल तर टोलच्या भीतीनं टाळू नका. आम्ही टाळला. बाबा परतीच्या फोनवरही तेच बोलले.

कारची मर्यादा १२० आहे म्हणजे १२० नं चालवलंच पाहिजे असं नाही. भरलेली जुनी गाडी असेल तर ८० ते ९० पुरे. डावीकडून दुसरी लेन धरा. अगदी उजवी लेन फक्त ओव्हरटेक करायला. तिथे रेंगाळलात की मागून लाइट मारत येणारी गाडी तुम्हाला घाबरवून चुकीच्या बाजूला ढकलते. ट्रकला ओलांडताना वाऱ्याचा झोका बसतो, हात सैल ठेवू नका.

या रस्त्याचा खरा धोका म्हणजे तो काहीच करायला लावत नाही. वळण नाही, गाव नाही, बैल नाही, गतिरोधक नाही. तासाभरात डोळे उघडे आणि डोकं झोपलेलं, अशी अवस्था होते. सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला १ जुलै २०२३ च्या रात्री बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. तेव्हापासून आमच्या गावात रात्री समृद्धीचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात. मी रात्री या रस्त्यावर गाडी घालत नाही, तुम्हीही पहिल्या खेपेला घालू नका.

वडिलांना बोलतं ठेवा. तुम्ही जागे राहता, त्यांचा वेळ जातो. बाबांनी मेहकरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचं पंचनाम्यासारखं वर्णन केलं: याची तूर दाट झाली, याच्या कपाशीवर लाल्या आला, हा ठिबक दाखवायलाच लावलेला दिसते. कुठे रस्त्यात जमीन गेली, कुणी पैशांचं काय केलं, हेही. मी तेवढा रस्ता एकाही गाण्याशिवाय चालवला आणि एक जांभई आली नाही.

सीटच्या पट्ट्याचं सांगायचं राहिलं. बाबांनी तो लावला आणि खांद्यावरचा भाग काखेखालून घेतला, "मानेले टोचते" म्हणून. त्याचा उपयोग शून्य. दारावरच्या खांबाला पट्ट्याची उंची खालीवर करायची खुंटी बऱ्याच गाड्यांत असते, नसेल तर दुपट्ट्याची घडी मधे घाला. क्लिप अडकवून मागे टाकलेला पट्टा तर अजिबात नको.

८. थांबे: विचारू नका, थांबा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

कारंजापासून मी दर अर्ध्या तासानं विचारत होते, "बाबा, थांबायचं का?" दर वेळी उत्तर, "नाही बापा, चाल तू." पाणी देऊ का? "नाही लागली तहान." मला वाटलं, छान चाललंय. जालन्याच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "थांबव न बाजूले, मोकळाच त हाय रस्ता." मी म्हटलं, इथे थांबता येत नाही. पुढच्या उतरायच्या जागेपर्यंत त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलेलं मला दिसत होतं. उतरल्यावर ते दोन पावलं चालले आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. तोंड कोरडं पडलेलं, घाम आलेला. सकाळपासून त्यांनी चहा सोडून काही घोट घेतला नव्हता, कारण पाणी प्यायलं की थांबायला लागेल, आणि थांबलं की पोरीचा वेळ जाईल.

बाटली तशीच भरलेली होती. मी ती पायाशी ठेवून दिली होती आणि माझं काम झालं असं धरून चालले होते.

तेव्हापासूनचा माझा नियम: दर दीड तासाला गाडी थांबते. कुणाला विचारायचं नाही. "मला पाय मोकळे करायचेत" असं म्हणून तुम्ही आधी उतरा. स्वच्छतागृहात आधी तुम्ही जा, म्हणजे त्यांनाही जाता येतं. बाटलीतलं पाणी किती कमी झालं ते बघा, "प्यायलात का" असं विचारून काही कळत नाही. पाणी थोडं थोडं, दर थांब्याला. उतरल्यावर दहा मिनिटं चालवा. पाय लटकवून बसल्यानं घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुतलेला दिसला की समजायचं.

थांबायची जागा म्हणजे पंप किंवा सोयीसाठी केलेले थांबे, नाहीतर सरळ खाली उतरून गाव गाठायचं. कडेच्या पट्टीवर गाडी उभी करायची नाही, वडील कितीही म्हणाले तरी. मागून येणाऱ्या पेंगलेल्या ट्रकवाल्याला उभी गाडी चालती वाटते. बंदच पडली तर लाइट चालू करा, तिकोनी पाटी बरंच मागे नेऊन ठेवा, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं, गाडीत बसून नाही. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

जेवण घरचं न्या. दशम्या, ठेचा, कांदा, भाजलेले शेंगदाणे. सोबत दही-ताक नको, नासतं. ढाब्यावरची तेलाची भाजी वडिलांना चालते असं ते म्हणतात, रात्री मग पोट धरून बसतात.

९. संभाजीनगर ते रांजणगाव

पुण्याला जायचं तर माळीवाड्याला उतरा. सावंगीला उतरलात तर सगळं शहर पार करावं लागतं, मी तोच घोळ केला आणि तासभर घालवला. माळीवाड्याहून वाळूजकडे आणि मग नगरचा रस्ता. पाट्यांवर अहिल्यानगर, बोलण्यात नगर. वडिलांनी रस्ता विचारला तर लोक जुन्याच नावानं सांगतील, गोंधळू नका.

समृद्धीवरून उतरल्यावर पहिला अर्धा तास जपून. तुमच्या पायाला अजून नव्वदची सवय असते आणि समोरून उसाची ट्रॉली येते. अंधार पडल्यावर त्या ट्रॉलीला मागे लाइट असेलच असं नाही.

कायगाव टोक्याजवळ गोदावरीचा पूल लागतो, प्रवरा तिथेच येऊन मिळते. बाबांनी हात जोडले आणि खिशातलं नाणं काढलं. पुलावर गाडी थांबवू नका, पलीकडे जागा बघा. पुढे नेवासा फाटा; माउली ज्याला टेकून बसले तो पैस खांब नेवाशात आहे. वारी केलेले वडील असतील तर हा फाटा तुम्ही चुपचाप ओलांडू शकणार नाही.

दुपारी साडेतीननंतर ऊन थेट तोंडावर येतं, कारण आपण मावळतीकडे चाललेलो असतो. काच आतून-बाहेरून पुसलेली हवी. नगर मागे टाकून रांजणगावला पाचपर्यंत पोचा आणि तिथेच मुक्काम करा. महागणपतीचं देऊळ आहे, एमआयडीसीमुळे लॉजही भरपूर. खोली तळमजल्यावरची मागा. पुणं इथून पन्नासच किलोमीटर आहे, म्हणून "आता पोचूनच जाऊ" असा मोह होतो. ते पन्नास किलोमीटर संध्याकाळी तुमच्या अख्ख्या दिवसाएवढे लांबतात.

१०. पुण्यात शिरताना

पहाटे साडेपाचला निघा, वाघोली साडेसहाच्या आत मागे पडली पाहिजे. शिक्रापूरला फोन कदाचित चाकणकडे वळायला सांगेल; तो रस्ता कंटेनरचा आहे, नवख्यानं नगर रोडच धरावा. येरवड्यावरून औंध, औंधवरून हिंजवडी.

सगळ्यात गोंधळ होतो तो पुलांचा. वरून जायचं की खालून, हे फोन उशिरा सांगतो. चुकलात तर तिथल्या तिथे ब्रेक मारू नका, जिथे जाल तिथून वळून या. दहा मिनिटं जातात. दुचाक्या डावीकडून येतात, उजवीकडून येतात, आणि आरसा दिसत नाही त्या कोपऱ्यातूनही येतात. त्या वेळी वडील "अवं, तो पाय! तो पाय!" (म्हणजे पाहा) असं ओरडतात आणि पायानं नसलेला ब्रेक दाबतात. त्यांना काम द्या. मी बाबांना सांगितलं, "तुम्ही फक्त पाट्या वाचा." त्यांनी औंधपर्यंत दुकानांच्याही पाट्या वाचल्या.

११. वडील राहणार कुठे, परत जाणार कसे

हे शेवटी लिहिलंय, पण ठरवायचं सगळ्यात आधी. मुलींच्या पीजीत वडिलांना आत सोडत नाहीत. बॅगा वर न्यायलाही नाही. माझ्या पीजीच्या दारात बाबा तूरडाळीची चुंगडी खांद्यावर घेऊन उभे होते आणि बाई म्हणाल्या, "काका, इथपर्यंतच." सामान मी सात खेपांत एकटीनं वर नेलं, बाबा पाट्यावर बसून गाडी राखत होते. गाडी लावायला जागा आहे का, महिन्याचे किती, हेही फोनवर आधी विचारून घ्या. आहे म्हणतात आणि ती जागा दुचाकीची निघते.

पाहुणे पिंपरी-चिंचवडला असतील तर उत्तम, पोचायच्या आदल्या आठवड्यात त्यांना कळवा. नसतील तर पीजीपासून चालत जाता येईल असा लॉज. मूळ आधार मागतात, फोनमधला फोटो नाकारतात. वडिलांच्या खिशात तुमचा नंबर, पीजीचा पत्ता आणि लॉजचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी.

परतीला मी रेल्वे निवडली. महाराष्ट्र एक्स्प्रेस रात्री पुण्यातून जाते, दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला उतरता येतं, तिथून कारंजा-दारव्ह्याची एसटी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. साठच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा असतो, तिकीट काढताना तो निवडा. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे फुकट. बाबा अधेमधे अडकलेले, "अजून तीन वर्सं थांबा लागते" म्हणाले. मूर्तिजापूरचं नाव निघालं तेव्हा त्यांना शकुंतला रेल्वे आठवली. पहिल्यांदा ते दारव्ह्याबाहेर पडले ते त्याच छोट्या गाडीनं, मूर्तिजापूरपर्यंत.

डबा कुठे लागतो ते बघून ठेवा आणि अर्धा तास आधी स्टेशन गाठा. फलाटावर तिकीट काढून दाखवताना बाबांच्या खिशातून शेतातल्या मोटारीच्या पेटीची किल्ली निघाली. चार दिवस ती पुण्यात होती. तिकडे काका रोज आमच्या विहिरीपर्यंत जाऊन परत येत होते, आणि बाबांना त्रास नको म्हणून कुणी फोनवर सांगितलं नव्हतं.

तेव्हा यादीत हेही घाला: निघायच्या आदल्या संध्याकाळी पेटीची किल्ली काकांच्या हातात द्यायची, दारामागच्या खिळ्याला नाही.